एनपीटेलचा जावा कोर्स: मास्तर चांगले, शेजार वाईट

तिसऱ्या वर्षाला असताना आयआयटी खरगपूरचा 12 आठवड्यांचा जावा या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स घरबसल्या देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, केला. शिकायला पैसा लागत नाही, व्हिडिओ यूट्यूबवर खुले आहेत. परीक्षेला बसायचं तर 1000 रुपये. ते मात्र मेसचा हिशेब मांडून, दोन दिवस विचार करून भरले.

शिकवणं संथ, आणि मला तेच हवं होतं. सुरुवातीला शहाणपणा करत दीडपट वेगाने ऐकलं. इन्हेरिटन्ससारखा (एका क्लासचा कोड दुसऱ्याने वापरणं) अवघड विषय आला आणि गपचूप वेग खाली आणला. एक भाग तर तीनदा ऐकला. वर्गात तीच शंका तिसऱ्यांदा विचारायची माझी काय टाप!

खरी गंमत असाइनमेंटची. त्याचे 25 गुण, परीक्षेचे 75. दर आठवड्याला मुदतीआधीच टेलिग्रामवर उत्तरं हजर. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिडिओ उघडलेच नाहीत. मीही काही धुतल्या तांदळाची नाही. सातव्या आठवड्यात, शेवटच्या रात्री, एका ग्रुपवरून उत्तरं उचलली. 10 पैकी 4 चुकली! नशीब, 12 पैकी सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंटच धरतात.

परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, तिथे टेलिग्राम नाही. 75 पैकी किमान 30 लागतात. उत्तरं वाटणारे आमच्या वर्गातले साहेब 27 वर अडकले.

मोबाइलवर कोड बारीक दिसतो, लॅपटॉप मिळाला तर बघा. माझ्याकडून 5 पैकी 4.