तांब्याच्या नावाने अ‍ॅल्युमिनियम, अर्थिंगच्या नावाने खड्डा

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या आमच्या कारखान्यात 3 अश्वशक्तीचा थ्री फेज बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याने लाकूड घासणारे यंत्र) बसवण्यासाठी तालुक्याच्या गावातील एका वीज ठेकेदाराने माझ्याकडून 33,700 रुपये घेतले. वायरच्या दोन बंडलांचे 11,600, स्टार्टरचे 3,200, आरसीसीबीचे (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) 3,400, दोन अर्थिंगचे 9,000 आणि मजुरी 6,500. यांपैकी एकही वस्तू बिलावर लिहिल्याप्रमाणे निघाली नाही.

ठेकेदाराचा पोरगा वायरची दोन्ही बंडले दोन बोटांत अडकवून, झुलवत, शेडमध्ये आला, तो क्षण मला अजून छळतो. 4 चौरस मिलिमीटरच्या 90 मीटर बंडलात नुसते तांबेच 3 किलोंहून अधिक भरते, प्लॅस्टिक वेगळे. असली दोन बंडले बोटांवर झुलत नाहीत. पण सागवान सांगून दुसरेच लाकूड आणले तर दारातून परत पाठवणाऱ्या सुताराने वायरही तोलून घ्यावी, असे कोणी कधी सांगितले आहे काय? वेष्टनावर आयएसआयचा छाप होता, कापलेल्या टोकाला लाली दिसत होती आणि पोळा तोंडावर आला होता. टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरे निघाले की ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. छापाजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा.

पुढचे सगळे त्या वायरीतूनच निघाले. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून सैल होते, त्यावर गंज चढतो, जोड तापतो. स्टार्टरमधल्या जोडावर एक फेज तुटली आणि उरलेल्या दोन फेजांवर मोटार घुरघुरत राहिली. या मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे 4.8 अँपिअर आहे, तो अशा वेळी 8 च्या पुढे जातो. पण ठेकेदाराने बसवलेला ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह वाढला की मोटार बंद करणारा स्टार्टरमधला भाग, 9 ते 14 अँपिअरचा होता, म्हणजे तो या मोटारीची वीज तोडणारच नव्हता. रिवाइंडिंगवाल्याने मोटार उघडली तेव्हा दोन फेजांची वाइंडिंग कोळसा झालेली होती आणि तिसरी जशीच्या तशी होती. त्याचे 4,750 रुपये गेले, शिवाय नागपूरच्या व्यापाऱ्याला 15,000 रुपयांचा इसार परत करावा लागला. रिलेवर लिहिलेली अँपिअरची मर्यादा मोटारीच्या नावपट्टीवरील अँपिअरशी जुळवूनच पैसे द्या.

आरसीसीबी म्हणून लावलेली वस्तू साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता हाताने चालू-बंद करायचा स्विच, निघाली. खऱ्या आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते आणि माणसासाठी ती 30 मिलीअँपिअरची लागते. बटण नसेल तर पेटीला हात लावू देऊ नका. अर्थिंगच्या एका खड्ड्यात हातभर पाइप सापडला, जिथे अडीच मीटरचा हवा. दुसऱ्यात नुसती वायर मातीत पुरलेली होती. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत, हा नियम आहे. सँडरला स्टार्टरऐवजी साधा स्विच कोणी सुचवला तर त्याला वाटेला लावा, कारण गेलेली वीज परत आल्यावर पट्टा आपोआप फिरू लागतो आणि तेव्हा हात कुठे असेल, याचा नेम नसतो.

वीज कार्यालयाने सांगितले की मीटरच्या पुढची वायरिंग त्यांच्या अखत्यारीत येत नाही. मात्र मंजूर वीजभार वाढवताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल याच कार्यालयाने माझ्याकडून मागून घेतला होता, आणि तो याच माणसाच्या सहीचा होता! त्या अहवालात अर्थिंग उत्तम असल्याचे लिहिले आहे. मग तो कागद कशासाठी घेतात? पोलीस ठाण्यात हा दिवाणी व्यवहार ठरला. तक्रार लिहून घेण्याऐवजी हवालदाराने मला लाकडी नंदीचा भाव विचारला. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका टेबलावर तर धंद्यासाठी माल घेणारा ग्राहकच नसतो, असे ऐकवण्यात आले. हे धादांत चूक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून स्पष्टपणे वगळलेली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. टेबलामागच्या माणसाला हे ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही.

जिल्हा आयोगात मी आता तक्रार दाखल केली आहे. वायरचे तुकडे, तो रिले, आयसोलेटर आणि रिवाइंडिंगवाल्याचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे. ठेकेदार सध्या शेजारच्या गावात एका आरागिरणीची वायरिंग करतो आहे.