बाबांची दुनाळी, रबरी पॅड आणि माझा खांदा : आठ महिन्यांनंतर

बाबांची बारा बोअरची दुनाळी बंदूक रीतसर लायसन्स काढून माझ्या नावावर झाली. पहिल्याच दिवशी हौसेने पंचवीस बार काढले आणि दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनचा जिना चढताना बॅग खांद्याला लावून घेववेना. लगेच दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागावर, मोज्यासारखं चढवायचं रबरी पॅड मागवलं.

तीन महिने वापरलं. धक्का बोथट झाला हे खरं, पण काळानिळा डाग खांद्यावरून सरकून दंडावर आला. बायकोने विचारलं, "लोकलमध्ये मारामारी केलीस का?"

कारण रेंजवरच्या सरांनी दाखवलं. बाबा सहा फुटी, मी पाच फूट पाच. दस्ता पुढच्या चापापासून आधीच पावणेपंधरा इंच, त्यात पॅडने इंचभर भर घातली. बंदूक वर घेताना रबर काखेपाशी शर्टात अडकायचं आणि घाईघाईत दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकायचा. म्हणजे दुखण्यावर पैसे देऊन दुखणंच घेतलं होतं!

पॅड काढलं. बंदुकी दुरुस्त करणाऱ्याकडून दस्ता कापून घेतला, पातळ पॅड पक्कं बसवलं; आता एकूण सव्वाचौदा. करवत लागताना पोटात कालवलं, पण बाबांच्या गालाने गुळगुळीत झालेला भाग शाबूत आहे.

उरलेला दोष माझा. मी मागे रेलून उभा राहायचो, त्यामुळे प्रत्येक बाराला तोल जायचा. आता वजन पुढच्या पायावर. शिवाय मी मान वाकवून गाल बंदुकीकडे न्यायचो. सर म्हणाले, "बंदूक गालाशी आणा, मग खांद्यात." गाल आणि लाकडात फट राहिली की उसळलेला दस्ता थेट गालफडावर बसतो, हे मी दोनदा अनुभवलंय. रोज रात्री आरशासमोर वीस वेळा बंदूक उचलतो. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, हे दोनदा बघून.

काडतूसही बदललं. काडतुसातल्या छर्ऱ्यांचं एकूण वजन किंवा वेग जास्त असला की धक्का वाढतो आणि हलकी बंदूक तो जास्तच देते. ऑलिंपिकच्या ट्रॅप स्पर्धेतही (उडत्या चकत्या फोडायच्या) काडतुसात २४ ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत, मग चकत्या फोडायला मला ३२ कशाला?

आता पन्नास बारांनंतरही खांदा ठीक असतो. एक तक्रार शिल्लक आहे : मुठीची पकड सैल पडली की चापाभोवतीची कडी मधल्या बोटावर आपटते. सध्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळतो.