बॉड्स: इंग्लंडच्या बसची माहिती एका जागी, फुकट आणि कामाची

वाहतूक नियोजन करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? माहिती मागण्यात. आधी अर्ज, मग आठवण, मग पुन्हा आठवण, मग कुणीतरी कृपा करून पाठवलेली पीडीएफ आणि शेवटी ती पीडीएफ हाताने एक्सेलमध्ये भरणं. म्हणूनच ‘बस ओपन डेटा सर्व्हिस’बद्दल लिहावंसं वाटलं. आमच्या ऑफिसात तिला सगळे ‘बॉड्स’च म्हणतात. मी पुण्यात बसून इंग्लंडमधल्या कौन्सिलांची नियोजनाची कामं करते, त्यामुळे ही सेवा रोजच्या वापरातली आहे.

सेवा ब्रिटनच्या वाहतूक खात्याची. ईमेल देऊन खातं उघडायचं, पैसे नाहीत, ‘कशाला हवंय’ म्हणून पत्रव्यवहार नाही. वेळापत्रकं, धावत्या बस आत्ता कुठे आहेत ते आणि तिकिटाचे दर, तिन्ही एकाच ठिकाणी.

हे आपोआप झालेलं नाही. १९८५ च्या कायद्यानंतर, १९८६ पासून लंडन वगळता इंग्लंडमधली बससेवा खासगी कंपन्यांना मोकळी झाली. कंपन्या शेकडो, प्रत्येकीचं वेळापत्रक आपापल्या पद्धतीचं. गावातल्या माणसाला दोन कंपन्यांच्या बस जोडून प्रवास करायचा तर सगळं स्वतःच जुळवायचं. मग २०१७ चा बससेवा कायदा आला आणि त्याखालचे नियम २०२० मध्ये झाले. वेळापत्रकं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत खुली करणं बंधनकारक झालं. गाडीचं स्थान आणि दर पुढच्या वर्षापासून. माझ्या मते या सेवेचं खरं बळ ही सक्ती आहे. विनंतीवर चालणारी पोर्टलं मी पाहिली आहेत: पहिल्या वर्षी उत्साह, दुसऱ्या वर्षी जुन्याच फाइली.

आता प्रत्यक्ष फाईल. कंपन्या देतात ते मूळ वेळापत्रक ट्रान्सएक्सचेंज नावाच्या स्वरूपात असतं, आणि ते किचकट आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका. बॉड्स तेच रूपांतरित करून जीटीएफएस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सोप्या वेळापत्रक-स्वरूपातही देतं, तेही विभागवार. यॉर्कशरची झिप उतरवली की आत साध्या मजकुराच्या फाइली: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ. प्रत्येक थांब्याला देशभरात एकमेव क्रमांक. तो नॅपटॅन या राष्ट्रीय थांबा-नोंदवहीतला. ४५० ने सुरू झाला तर वेस्ट यॉर्कशर, १८०० ने तर ग्रेटर मँचेस्टर. रस्त्याच्या दोन बाजूंचे थांबे वेगळे धरलेले. थांबा शाळेच्या दारात की समोर, बस कोणत्या दिशेला तोंड करून उभी राहते, हेही नोंदलेलं. चार पदरी रस्ता ओलांडून जाणाऱ्या आजीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि नकाशावर तो दिसतो याचं मला आजही कौतुक आहे.

वेळेच्या रकान्यात २४:३५ दिसलं तर दचकू नका. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्याच हिशेबात धरतात, म्हणून घड्याळ चोवीसच्या पुढे जातं. शेवटची बस गेल्यावर रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सचं काय होतं, हे शोधायचं तर नेमक्या याच ओळी वाचायच्या असतात.

आमचं नेहमीचं काम असं: ही झिप आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते आर-फाइव्ह नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला द्यायचे आणि विचारायचं, की चालणं, वाट बघणं, बस बदलणं धरून पाऊण तासात किती लोक इस्पितळात पोचतात? मग एक मार्ग काढून टाकायचा आणि पुन्हा तेच विचारायचं. दोन नकाशे शेजारी ठेवले की कोणती वस्ती तुटते ते उघड दिसतं. मोलाची गोष्ट अशी, की मार्ग वाचवायला निघालेली रहिवाशांची समितीही तीच फाईल घेऊन तेच गणित करू शकते. परवाना स्रोत नमूद करायला सांगतो, बाकी अडवत नाही.

उणिवा आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली-उतरली, हे इथे नाही. तो आकडा कंपन्या धंद्याचं गुपित मानतात. बस कुठून कुठे धावते ते कळतं, पण भरलेली धावते की रिकामी, हे नियोजकाला बाहेरून मिळवावं लागतं. कायद्याची सक्तीही फक्त इंग्लंडपुरती आहे.

आपल्याकडे यंत्रं नाहीत असं नाही. एआयएस-१४० नियमाने २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जीपीएस सक्तीचं झालं. ती माहिती लोकांना खुली करण्याची सक्ती मात्र त्यात नाही. दिल्लीने २०१८ मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या साथीने ‘ओपन ट्रान्झिट डेटा’ सुरू केलं, आणि तिथेही बसची माहिती जीटीएफएसमध्येच मिळते, म्हणजे रस्ता अनोळखी नाही. मला मनापासून हवं आहे ते एसटीसाठी. तालुक्याच्या कुठल्या गावातून सकाळी निघून ओपीडीच्या वेळेत जिल्हा रुग्णालयात पोचता येतं, आणि परतीची गाडी मिळते का, हे गणित आजच्या आज मांडता येईल. सॉफ्टवेअर तेच, रस्त्यांचा नकाशा तयार, फक्त वेळापत्रकाची फाईल हवी.

विद्यार्थ्यांनी बॉड्स जरूर वापरून बघावं. प्रकल्पासाठी याहून चांगलं मैदान मला माहीत नाही. संपूर्ण देशाची फाईल उतरवू नका, साधा लॅपटॉप रडकुंडीला येतो. एक विभाग घ्या, थांबे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मग एखाद्या गावाच्या रविवारच्या फेऱ्या मोजा. बसच्या वक्तशीरपणावर काम करायचं असेल तर धावत्या बसचं स्थान पहिल्या दिवसापासून स्वतःकडे साठवत चला, कारण तो प्रवाह ‘आत्ता’चा असतो. माझ्याकडून पाचपैकी चार. राहिलेला एक चढ-उताराचे आकडे आले की देईन.