सोलापूरच्या आकाशाला कुठला नकाशा चालतो? दिवाळी ते मे, वापरून बघितल्यावर

आकाशदर्शनाच्या नादी नव्याने लागणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगतो. नकाशा घेताना कागद, छपाई, किंमत यांच्याआधी त्याच्यावर छापलेला अक्षांश बघा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या फिरत्या चकत्यांपैकी (तारीख आणि वेळ जुळवली की त्या वेळचं आकाश दाखवणारे गोल नकाशे) बऱ्याच ४० ते ५० अंशांसाठी, म्हणजे युरोप-अमेरिकेसाठी केलेल्या असतात. दिवाळीपासून माझ्याकडे दोन चकत्या आहेत. एक तसली, पुण्याच्या भावाने भेट दिलेली, आणि एक २० अंशांची. शिवाय फोनमध्ये स्टेलॅरियम, हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप.

भावाची चकती दिसायला देखणी. काळ्या पाटीवर पांढरे तारे, जाड प्लास्टिक, फिरतेही लोण्यासारखी. पण तिच्यावरचा ध्रुवतारा आकाशात अर्ध्यावर, आणि आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर. (हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, हे माप कायम उपयोगी पडतं.) तिच्यावर सप्तर्षी कधी मावळतच नाहीत, इथे दिवाळीत संध्याकाळी शोधून दाखवा. सगळ्यात मोठी अडचण अगस्त्याची. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली साडेतीन मुठींवर तो ठळक दिसतो. रात्रीच्या आकाशात व्याधानंतर सर्वांत तेजस्वी तारा तोच. आणि चकतीवर त्या जागी नुसती कड! नवशिक्याला वाटणार, आपलंच काहीतरी चुकतंय.

२० अंशांची चकती तेवढी सुबक नाही, पण कामाची आहे. दोन-अडीच अंशांचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. वेळेचा फरक मात्र जाणवतो, आणि माझ्या चकतीवर तो कुठे लिहिलेला नाही. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं, सोलापूर ७५.९ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपलं आकाश घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागे आहे. म्हणून नऊ वाजले असतील तर चकती ८:३४ वर लावायची. एवढं केलं की उगवते-मावळते तारे बरोबर कडेवर येतात.

घेताना चकती दोन्ही बाजूंनी (एकीकडे उत्तरेचं, दुसरीकडे दक्षिणेचं आकाश) छापलेली आहे का, हेही तपासा. एकाच बाजूची असली की ध्रुव मधोमध येतो आणि दक्षिणेकडचं सगळं आडवं ताणलं जातं. आपल्या अक्षांशावर दक्षिणेचं आकाश बरंच दिसतं, त्यामुळे ताणही तेवढाच जास्त. माझी एकाच बाजूची आहे. वृश्चिकाची नांगी तिच्यावर अशी फाकली आहे की ओळखू येत नाही, आणि त्रिशंकू तर सपाट झालाय. खरा त्रिशंकू मेमध्ये रात्री साडेनऊला नान्नजकडच्या माळावरून पाहिला. दक्षिणेला ना डोंगर ना झाड, त्याचा पायाकडचा तारा जमिनीपासून मूठभर वर. शहरातल्या गच्चीवरून तेवढ्या खाली दिव्यांचा उजेड आणि धूळ यांशिवाय काही दिसत नाही.

आता छपाई. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून लाल कागद लावलेली बॅटरी वापरतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पांढऱ्या कागदावर लाल शाईने छापलेल्या रेषा त्या उजेडात गायब होतात! माझ्या चकतीवर सूर्याचा मार्ग लाल आहे, तो रात्री नाहीच. दुकानात मोबाईलच्या पडद्यावर लाल रंग लावून नकाशा धरून बघा, लगेच कळेल. आणि नववी-दहावी प्रत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) दाखवणारे दाट नकाशे सुरुवातीला घेऊच नका. गच्चीवरून तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे तारे दिसले तरी खूप. बाकीच्या ठिपक्यांत आकृतीच हरवते.

नकाशात उत्तर वर धरली तर पूर्व डावीकडे का, हा प्रश्न सगळेच विचारतात. तो डोक्यावर धरून बघायचा असतो, बस.

स्टेलॅरियम संगणकावर पूर्ण फुकट, फोनवरही साधी आवृत्ती फुकट. घरी बसून तयारीला त्याला तोड नाही. माळावर मात्र दिशेच्या बाबतीत भरवसा नको. गाडीला टेकून फोन धरला की होकायंत्र लोखंडाने भरकटतं आणि रोहिणीच्या जागी भलताच तारा दाखवतं. दोन पावलं लांब जाऊन, हवेत इंग्रजी आठ काढून मगच वापरा. लाल रंगाची सोय आहे, तरी उजेड अगदी कमी करावा लागतो.

फिरत्या चकतीवर ग्रह नसतात, कारण ते जागा बदलतात. ती उणीव घरातल्या पंचांगाने भरून निघाली. दाते पंचांग इथलंच, सोलापूरचं. आमच्याकडे ते खिळ्याला लटकलेलं असतं. जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुनेत होता, म्हणजे पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारचा तो झगझगीत कोण, हे फोन न काढता कळलं. चंद्राचं तर विचारूच नका. आई पंचांग बघून म्हणते, "आज रोहिणी आहे रे," की चंद्राच्या आसपासचा तांबूस तारा रोहिणी. एरवी चांदण्यामुळे वाया जाणाऱ्या रात्री अशा कामी येतात, कारण रोहिणी, मघा, चित्रा चांदण्यातही टिकतात. स्वातीला मात्र हे लागू नाही. तो तारा चंद्राच्या वाटेपासून तीस अंश उत्तरेला आहे, पंचांगात स्वाती असली तरी चंद्र त्याच्याजवळ फिरकत नाही. ज्येष्ठाही फसवते: नक्षत्रांचे भाग सारखे पाडलेले असल्यामुळे चंद्र त्या ताऱ्याजवळ येतो तेव्हा पंचांगात बहुधा अजून अनुराधाच असते.

तेव्हा सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडच्यांनी २० अंशांची, दोन बाजूंची, लाल रेषा नसलेली चकती घ्यावी. आणि ती गाडीच्या डिकीत ठेवू नये. माझी मेच्या उन्हात पापडासारखी वाकली, आता एका बाजूने घासत फिरते.