टोकियोत सुमो-बॉक्सिंग बघायला जाताय? टॅक्सी सोडा, पिवळी लोकल पकडा

पाचपैकी साडेचार स्टार, आणि ते टोकियोच्या ट्रेनना, मॅचेसना नाही, मॅचचं ज्याचं त्याने बघावं. टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईत कोणाचे आईवडील, काका-मामा भारतातून आले की दोन-तीन दिवसांत प्रश्न येतोच, सुमो बघायला कसं जायचं. बॉक्सिंगवाली पोरं वेगळीच, त्यांना कोराकुएन हॉल पाहिजे. मॅपवर टाकलं की चार रस्ते दिसतात, वेळ सगळ्यांना जवळपास सारखाच, म्हणून माणूस कुठलाही धरतो. पण खरा प्रश्न जाण्याचा नसतोच, संध्याकाळी सहाला दहा हजार माणूस एकदम बाहेर पडल्यावर तुम्ही कुठल्या स्टेशनवर उभे आहात हा असतो.

तर माझं ठाम मत, फाईट बघणाऱ्या माणसासाठी टोकियोत एकच लाईन, जेआरची (म्हणजे जपान रेल्वेची) पिवळी चुओ-सोबू. ही मुंबईच्या भाषेत स्लो लोकल, सगळीकडे थांबते, आणि तेच तर पाहिजे, कारण नारिंगी चुओ रॅपिड सुइदोबाशीला थांबत नाही आणि निळी सोबू रॅपिड र्योगोकूच्या आसपास जमिनीखालून निघून जाते, थांबतच नाही. सुमोचं कोकुगिकान र्योगोकूला, बॉक्सिंगचा कोराकुएन हॉल सुइदोबाशीला, मधे फक्त आसाकुसाबाशी, आकिहाबारा, ओचानोमिझू. म्हणजे दुपारभर सुमो बघून, सहाला संपल्यावर तीच गाडी पकडून कोराकुएनला पोचता येतं, सुरुवातीच्या चार राऊंडच्या नवख्या फाईट्स हुकतील पण मेन फाईट आरामात मिळते. दुसऱ्या कुठल्या शहरात अशी सोय असेल तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

आधी कोकुगिकान. टोकियोत सुमोच्या स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबर, प्रत्येक पंधरा दिवसांची, बाकी मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. त्यामुळे "आलोच आहोत तर बघू" म्हणून एप्रिलमध्ये गेलात तर रिकामी बिल्डिंग बघून याल. आत्ताची इमारत १९८५ ची, साधारण अकरा हजार लोक बसतात. जेआर र्योगोकूच्या वेस्ट एक्झिटमधून बाहेर आलं की समोरच, दोन मिनिटंसुद्धा धरून चालली नाहीत. आणि स्टेशनच बघण्यासारखं आहे, जुन्या विजेत्यांचे भलेमोठे फोटो लावलेत, पैलवानांच्या पंजाचे ठसे आहेत, आपला हात ठेवून बघायचा आणि गप्प व्हायचं. शेजारच्या जुन्या स्टेशन बिल्डिंगमध्ये आता खायचं मार्केट केलंय, आत मधोमध खरा आखाडा बांधलाय, पैलवानांचं चांको नाबे मिळतं.

पण इथेच एक घोळ आहे. र्योगोकू नावाची स्टेशनं दोन. एक जेआरचं, दुसरं तोएईच्या, म्हणजे टोकियो सरकारच्या भुयारी रेल्वेच्या ओएदो लाईनचं, ते कोकुगिकानच्या दुसऱ्या बाजूला, पाचेक मिनिटं चालावं लागतं. निशी-कासाईवरून खरं तर तेच सोयीचं, तोझाई लाईनने मोनझेन-नाकाचो, तिथे बदलून ओएदोने तिसरं स्टेशन. पण ओएदो म्हणजे खोल खोल जिने, सरकते असले तरी जिने ते जिनेच, आणि डबे बुटके. एकटा असेन तर मी ओएदोनेच जातो. पाहुणे असले की मुद्दाम कायाबाचोला हिबिया लाईन, आकिहाबाराला जेआर, असा दहा-पंधरा मिनिटांचा वळसा घेतो, कारण ज्येष्ठ मंडळींना दारात उतरवणं आणि पहिल्या फटक्यात ते रंगीत निशाण आणि ढोलाचा मनोरा दिसणं, ह्याला किंमत आहे.

एक काका आले होते सांगलीचे, आयुष्य तालमीत गेलेलं. प्लॅटफॉर्मवर सुती युकाता घातलेला, केसांची गाठ मारलेला एक धिप्पाड पोरगा शेजारी येऊन उभा राहिला, केसांच्या तेलाचा गोडसर वास सगळीकडे. काका म्हणाले, "आयला, हा पैलवान लोकलनं जातोय?" म्हटलं, "काका, हा अजून खालच्या गटातला, ह्यांना ट्रेन नाहीतर सायकल. वरच्या गटातले टॅक्सीनं येतात, पण स्वतः गाडी चालवायची परवानगी त्यांनाही नाही." ते काकांना फार पटलं. आत गेल्यावर आखाडा बघून म्हणाले, "हे आपल्या उलटं रे, आपण हौद्यात उतरतो, हे ओट्यावर चढतात. माती मात्र खरी आहे." मग खालच्या गटाच्या कुस्त्या दुपारी एक वाजल्यापासून शेवटपर्यंत बघत बसले, जेवायचंही भान नाही, बेसमेंटमध्ये भाजलेली याकितोरी (काडीला लावलेलं चिकन) जागेवर आणून दिली तेव्हा कुठे खाल्लं. सांगायचा मुद्दा, लोक चार वाजता मोठ्या नावांसाठी येतात, तुम्ही दुपारीच जा, गाडीही रिकामी आणि हॉलही. तिकीट मात्र आधीच काढून ठेवा, आजकाल सगळं लगेच संपतंय. खाली चौघांचे चौकोनी कप्पे असतात, बूट काढून मांडी घालून बसायचं, गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या खुर्च्या घ्याव्यात.

सुटताना घाई करू नका. शेवटची कुस्ती झाली की धनुष्य फिरवायचा विधी असतो, बरेच लोक त्याच्या आधीच पळतात, ती गर्दी जाऊ द्या. बाहेर मनोऱ्यावर ढोल वाजतो तो ऐका, तेवढ्यात स्टेशन मोकळं होतं, गाड्या तर दर काही मिनिटांनी आहेतच.

आता कोराकुएन हॉल. १९६२ पासून चालू, टोकियो डोमच्या आवारातल्या निळ्या बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावर, साधारण दोन हजार माणूस, आणि खरं सांगतो, बॉक्सिंग बघायला ह्याच्याइतकी चांगली जागा मी पाहिली नाही, कुठेही बसलात तरी ठोसा कानात वाजतो. सुइदोबाशीच्या वेस्ट एक्झिटवरून पूल ओलांडला की आलंच. लिफ्टसाठी रांग लागते, पाय बरे असतील तर जिन्याने चढा, जिन्याच्या भिंतींवर चाहत्यांनी वर्षानुवर्षं खरडलेलं आहे, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, प्रो रेसलिंग सगळ्यांचंच, ते वाचत वाचत पाच मजले कधी संपतात कळत नाही. अडचण एकच, शेजारी डोम. त्या दिवशी जायंट्सची बेसबॉल मॅच किंवा कुठली मोठी कॉन्सर्ट असली तर सुइदोबाशीला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून फाईटचं तिकीट घेताना डोमचं वेळापत्रकही बघा. कार्यक्रम असेल तर येताना सरळ कोराकुएन स्टेशनला जा, मारुनोउची आणि नानबोकू लाईन आहेत, नाहीतर कासुगाला तोएईच्या मिता आणि ओएदो. गर्दी तिथेही असते पण वाटली जाते. जाता जाता, ज्युदोचं मूळ घर कोदोकान पण कासुगाजवळच आहे, कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये सुरू केलेलं, दारात त्यांचा पुतळा आहे आणि वरच्या गॅलरीतून सराव फुकट बघता येतो.

तिसरा हॉल बुदोकान, आम्हा निशी-कासाईवाल्यांना सगळ्यात सोपं, तोझाईने थेट कुदानशिता, बदलायचं काही नाही, एक्झिट नंबर २. फक्त तिथून चढ आहे, मग जुना तायासू दरवाजा, मग हॉल, घरी वयस्कर कोणी असेल तर वेळ हातात ठेवून निघा. १९६४ च्या ऑलिम्पिकच्या ज्युदोसाठी बांधलेली ही जागा, आणि बॉक्सर मुहम्मद अली विरुद्ध जपानी प्रो रेसलर इनोकी तो विचित्र सामना १९७६ साली इथेच झाला. कुदानशिताची एक गंमत, हानझोमोन आणि तोएई शिंजुकू ह्या दोन लाईनचे प्लॅटफॉर्म शेजारीशेजारी होते पण कंपन्या दोन म्हणून मधे भिंत, पलीकडे जायचं तर आधी वर चढा मग उतरा. ती भिंत २०१३ ला काढली, तेव्हा कुठे लोक सरळ समोरच्या गाडीत जायला लागले.

परत येताना मात्र बोर्ड वाचा. तोझाईची रॅपिड गाडी तोयोचोनंतर एकदम उरायासूला थांबते, निशी-कासाई मधेच जातं. नव्या पाहुण्यांना हे दोनदा सांगावं. आणि सकाळच्या तोझाईबद्दल काही बोलत नाही, कोविडच्या आधी सरकारी आकड्यात किबा ते मोनझेन-नाकाचो १९९ टक्के गर्दी होती एवढंच पुरे. आपण जातो दुपारी उलट्या वेळेला, त्यामुळे त्रास नाही.

अर्धा स्टार कापला तो भाड्यासाठी आणि आरिआकेसाठी. जेआर, मेट्रो, तोएई, प्रत्येकाचं मीटर वेगळं पडतं, कंपनी बदलली की परत पहिल्यापासून. मेट्रो-तोएई बदलला तर ७० येन सूट आहे, जेआरला तेवढंही नाही. ट्रेनच्या सुइका कार्डाने कळत नाही, महिन्याच्या शेवटी कळतं. टुरिस्ट लोकांनी २४, ४८ किंवा ७२ तासांचं सबवे तिकीट घ्यावं, मेट्रो-तोएई दोन्हीवर चालतं, जेआरवर नाही, पण ओएदोने र्योगोकू, मारुनोउचीने कोराकुएन, तोझाईने कुदानशिता, सगळं त्यात बसतं. म्हणजे वर मी पिवळ्या लाईनचे एवढे गोडवे गायले ते पास नसलेल्यांसाठी, पासवाल्यांनी निमूट जिने उतरावेत.

आणि आरिआके अरेना. पंधरा हजारांचा हॉल, बॉक्सर इनोउए नाओयाने तापालेसला २०२३ च्या डिसेंबरमध्ये इथेच हरवून चारही बेल्ट एकत्र केले, आणि स्टेशन कुठलं तर ड्रायव्हर नसलेल्या छोट्याशा युरिकामोमेचं, शिन-तोयोसू नाहीतर आरिआके-टेनिस-नो-मोरी. दिवसा समुद्र बघत जायला मस्त, पण मॅच सुटल्यावर एवढा माणूस त्या बाहुलीच्या गाडीत कसा मावणार. हवा चांगली असेल तर सरळ पूल ओलांडून तोयोसूपर्यंत चालत या, अर्धा तास लागेल फार तर, तिथे युराकुचो लाईन मिळते, आणि वाटेत कोणी ना कोणी त्याच फाईटबद्दल बोलत चाललेलं असतंच.