‘सगळं धरून’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देण्याआधी हे वाचा

गाडीच्या पक्क्या लायसन्सपायी एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडे माझे १३,३०० रुपये गेले आणि त्याच्याकडून लायसन्स काही हातात आलं नाही. ते काजूबी विकून बाजूला ठेवलेले पैसे होते. आमच्या गुहागर तालुक्यात आता घरोघरच्या बायका चारचाकी शिकायला निघाल्यात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सासूबाईंना महिन्यातून दोनदा चिपळूणला डॉक्टरकडे न्यावं लागतं. एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि स्पेशल रिक्षा केली तर एका खेपेला दीड हजार जातात. मिस्टर मुंबईला नोकरीला. त्यांनी गणपतीत येताना सेकंडहँड गाडी आणली आणि खळ्यात लावून ठेवली. ‘तूच शीक आता,’ म्हणाले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाजारपेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथला माणूस बोलायला फार गोड. “वहिनी, साडेआठ हजारात सगळं धरून. कच्चं, पक्कं, क्लास, ट्रायल. तुम्ही फक्त येऊन बसायचं.” यात सरकारी फी किती, असं मी विचारलं होतं. “साडेतीन हजार सरकारीच जातात,” तो म्हणाला. पावती मागितली तर स्कूलच्या कार्डामागे पेनाने ‘८५०० सगळे’ असं लिहून दिलं. तारीख नाही, सही नाही, शिक्का नाही.

खरे आकडे मला सहा महिन्यांनी कळले. एका प्रकारच्या गाडीसाठी शिकाऊ म्हणजे कच्च्या लायसन्सचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, ट्रायलचे (गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेचे) ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २००. म्हणजे ७००. कार्ड, पोस्ट असं थोडं त्यावर लागतं, तेही भरलेल्या रकमेच्या पावतीवर दिसतं. दुचाकीही सोबत घेतली तर तिची फी वेगळी. पण कसंही धरलं तरी साडेतीन हजार होत नाहीत.

आधारवरून शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते हेही मला ठाऊक नव्हतं. त्याने माझा आधार घेतला, ओटीपी विचारला, कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. पुढचं सगळं त्या एका नंबरामुळे झालं. अर्जाचा एकही मेसेज मला कधी आला नाही.

दोन दिवसांनी मेडिकलचे म्हणून ५०० मागितले. मी छत्तीस वर्षांची. खाजगी गाडीसाठी डॉक्टरचा दाखला चाळीशीनंतर लागतो, त्याआधी आपलं स्वतःचं घोषणापत्र चालतं. मला कोणी डॉक्टर तपासायला आलाही नाही.

क्लासचं तर विचारू नका. नियमाने हलक्या गाडीचं शिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १० तास व्हायला हवं. आम्ही तिघीजणी एका गाडीत, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, असे बारा दिवस. माझे झाले तीन तास. क्लच आणि ब्रेक त्याच्याही पायाखाली असायचे, त्यामुळे गाडी मी चालवते आहे की तो, हेच समजायचं नाही. शेवटच्या दिवशी वहीत सगळ्या दिवसांच्या सह्या एकदम घेतल्या. त्या करायला नको होत्या.

ट्रायल एप्रिलमध्ये आरटीओच्या तालुक्यातल्या कॅम्पात झाली. सकाळी सातला मैदानात पोचलो. जांभ्याची लाल जमीन, त्यावर गाडी फिरवायला फक्कीने आखलेला इंग्रजी एच आणि कडेने रोवलेले बांबू. ज्या प्रकारचं लायसन्स हवं तशी गाडी आपणच न्यायची असते. ती ‘सगळं धरून’मध्ये आहे असं मी समजून होते. मैदानाच्या फाटकाशी त्याने गाडीच्या भाड्याचे ८०० मागितले. मागे रांग, पुढे साहेब, मी दिले. पुढे जाताना नीट गेले, रिव्हर्स घेताना मागचा बांबू आडवा झाला. नापास झाले ते योग्यच झालं, तीन तासांत एच कुणाला येणार?

त्या संध्याकाळी फोन आला. “वहिनी, फेरपरीक्षेची सरकारी फी दोन हजार आहे, आणि दोन महिने थांबावं लागतं.” दोन्ही खोटं. फेरपरीक्षेचे तेच ३०० रुपये आणि सात दिवसांनी परत देता येते. साठ दिवसांची अट तीनदा नापास झालेल्याला आहे. मी फोनवरून दोन हजार पाठवले. जूनमध्ये तो म्हणाला, “स्लॉट मिळत नाहीयेत, वर थोडे द्यावे लागतील,” आणि मी अजून १,५०० पाठवले. हे दुसरे पैसे पाठवायला नको होते. आडवाटेचे पैसे दिले की बोलायला तोंड राहत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

मग पाऊस लागला, लावणी आली, आणि दर आठवड्याला ‘पुढच्या कॅम्पाला नक्की’. ऑगस्टच्या मध्यावर त्याने सांगितलं की माझं कच्चं लायसन्स संपलं. ते सहा महिनेच चालतं. “नवीन काढावं लागेल, अडीच हजार.”

गणपतीला पुतण्या आला होता. शिकाऊ लायसन्सच्या कागदावरचा अर्ज क्रमांक आणि माझी जन्मतारीख सारथी या लायसन्सच्या सरकारी साईटवर टाकून त्याने पाच मिनिटांत सगळं काढलं. एप्रिलची ट्रायल नोंदलेली होती. त्यानंतर फेरपरीक्षेची फी भरलेलीच नाही, एकही स्लॉट घेतलेला नाही. फोनवरून पाठवलेले माझे साडेतीन हजार त्याच्याच खिशात. मी पडवीत बसले होते, आत आरती चालू होती. मला उठताच येईना.

नवीन अर्ज पुतण्याने माझ्या नंबरावरून भरला. आमच्या शेजारच्या दादांचं जुनं लायसन्स आहे. गाडीला पुढे-मागे लाल एल लावून ते रोज पहाटे तासभर बाजूला बसले. तीस दिवस झाल्यावर ट्रायल दिली, घाबरून पुन्हा नापास झाले. ३०० भरले, आठ दिवसांनी आपलीच गाडी घेऊन गेले आणि पास झाले. पेट्रोल, जाणं-येणं आणि बुडालेले दोन दिवस हा खरा खर्च, तो ज्याचा त्याने आधीच धरावा. आणि निदान एका नापासाचे ३०० बाजूला ठेवावेत. ज्यांना स्कूलच हवं त्यांनी परवाना भिंतीला लावलेला आहे का बघावं, क्लासचे पैसे आणि सरकारी फी वेगवेगळी लिहून घ्यावी, आणि फी भरल्याची साईटवरची पावती त्याच दिवशी आपल्या फोनवर मागावी.

मी आरटीओला लेखी तक्रार दिली आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवरही नोंदवली. त्यानंतर त्याने ३,५०० रुपये परत केले. फोनवरून पाठवलेले तेवढेच. त्यांचा पुरावा माझ्याकडे होता. रोख दिलेल्या ९,८०० चं नाव काढलं की तो म्हणतो, “कुठले पैसे, वहिनी?” त्या पैशांचं म्हणून माझ्याकडे पेनाने ‘८५०० सगळे’ लिहिलेलं ते एक कार्ड आहे.