कशेळी ते देवघळी, काकांबरोबर पायी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात राजापूर तालुक्यातल्या कशेळीत एका घरगुती होमस्टेला दोन दिवस राहिलो. तिथले काका पाहुण्यांना कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या देवळापासून सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या पठारावरून) देवघळीच्या किनाऱ्यापर्यंत चालत नेतात, त्याबद्दल मुद्दाम लिहितेय, कारण गाडीने फिरलं की यातलं निम्मं पण दिसत नाही.

गेल्या वर्षी एका टूरवाल्याने आम्हाला याच सड्यावर भर दुपारी एक वाजता आणून सोडलं होतं, ऑक्टोबरचं ऊन, सावलीला एक झाड नाही, जांभा तापलेला, आईला चक्कर आली आणि कातळशिल्प, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र, काही नीट दिसलंच नाही. काकांनी या वेळी सहालाच उठवलं. म्हणाले, ऊन तिरकं असतं तेव्हाच रेषा उठून दिसतात. आणि खरंच हो! साधारण १८ मीटर लांबीचा हत्ती आहे तो, पण बघायचं ते त्याच्या पोटात, आत कितीतरी प्राणी कोरलेत, मासे आहेत, आणि खोदलेल्या चरीत सावली पडली की एकेक आकार सुटा होत जातो. आई कडेला उकिडवी बसून बोटाने हवेत रेषा गिरवत होती, उठायलाच तयार नाही. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली त्यात कशेळी पण आहे.

वाटेत खाली मळ्यात भात कापणी चालली होती, कापलेल्या भाताचा तो ओलसर गोड वास, गडग्यावर (दगडी कुंपणावर) वाळत टाकलेलं गवत. काका दर दहा पावलांवर कोणाशी तरी बोलायला थांबतात. थांबू द्या, घाई करू नका.

मला सगळ्यात आवडलं ते हे की काकांनी कथा उलटी लावलीये. आधी देवळात मूर्तीचं दर्शन, आणि शेवटी ती जिथे सापडली म्हणतात ती समुद्राकडची घळ. व्यापाऱ्याचं गलबत अडलं, त्याने मूर्ती घळीत ठेवली, मग गावातल्या कनका नावाच्या बाईला स्वप्न पडलं, हे सगळं चालता चालता ऐकत आपण कड्यावर पोचतो आणि एकदम खाली दोन्ही बाजूंनी काळे कातळ आणि मधे वाळूची छोटीशी कोर. आम्ही कोणीच बोललो नाही थोडा वेळ. पाण्यात मात्र काका उतरू देत नाहीत, ओढ जोरात आहे, माझ्या भाच्याने खूप हट्ट केला तरी नाहीच, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पाणी माणशी दीड लिटर तरी घ्या, टोपी घ्या, ग्रिपवाले बूट घाला कारण उतारावर वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो. परत आल्यावर काकूंनी गरम घावणे आणि ओल्या नारळाची चटणी दिली, आईने चार खाल्ले. माणशी ३०० घेतात. आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कापणीच्या दिवसांत काका आधी शेतावर जातात.